नव्वद भुतांचा पांढरा रंग

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर वाकत नाही, पण पत्रात वाकायला तिची गरज पडत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे, खोकला कसा आहे आणि जीभ कशी आहे? माझी आहे तशीच आहे. चार वर्षांत ना पत्र ना फोन, आणि आज हिला काय झालं, असं तुम्हांला वाटेल. फोनवर बोललं की घरातले कान देतात, म्हणून पत्र. अक्षर मोठं आलंय ते पेन जाड आहे म्हणून. मी दुसरी शिकलेली, तेव्हा चुका मोजत बसू नका. वन्सं, मी घाबरले आहे. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय, नीट वाचून घ्या, परत लिहायची नाही.

तुमच्या भाच्याची मुलगी, जिला आम्ही मुंगी म्हणतो, सोळा वर्षांची घोडी झाली तरी बाहुल्यांशी खेळते. बाहुल्या नाहीत म्हणे, सैन्य आहे. अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे शिपाई, मोजून नव्वद. मेलेल्या राजाचं मेलेलं सैन्य. कोणाला डोकं नाही, कोणाच्या बरगड्या बाहेर, आणि राजा स्वतःचंच मुंडकं काखेत धरून उभा. (असल्या राजाचं ऐकतं कोण, मी विचारलं.) अशी सैन्यं रंगवून पोरं एका हॉलमध्ये जमतात, टेबलावर फासे टाकून लढतात, आणि निम्मे गुण लढाईचे, निम्मे रंगांचे. मुंगीने जाहीर केलं की रंग आजी निवडणार. का ते तुम्हांला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं मी कापड कारखान्याच्या रंगखात्यात काढली. दोन ठाणांत केसाएवढा फरक असला तरी साहेब म्हणायचा, बाईला दाखवा. शिक्षण दुसरीचं, पण माझी मान हलल्याशिवाय ठाण बाहेर जात नव्हतं.

ती विचारायला आली आणि मी लगेच हो म्हटलं नाही. कारण बरेच दिवस जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा मला सापडत नव्हत्या, पायाने चाचपत उतरायचे. रस्त्यावरच्या दिव्यांना दाढ्या फुटल्या होत्या. घरात मी अवाक्षर काढलं नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी आहे. तिने एकदा कपाच्या शेजारी चहा ओतला, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात तिला गॅसपाशी जायची बंदी, मग तिच्याकडच्या किल्ल्या गेल्या, मग तिची खुर्ची कोपऱ्यात गेली. आता कोणी येऊन काही देईल का, याची वाट बघत बसलेली असते. मला मरणाची नाही वाटत तेवढी त्या खुर्चीची भीती वाटते. म्हणून मुंगीला म्हटलं, निवडते, पण दिवसा आणि खिडकीशी.

तर सैन्याला तीन रंग लागतात, एक अंगाचा, एक कपड्यांचा आणि एक कडांचा. मुंगी म्हणाली, लाल. म्हटलं, लाल सगळेच करतील, त्याला काय डोकं लागतं? मग हिरवा म्हणाली. मेलेले शिपाई आहेत का पालेभाजी? शेवटी मी निकाल दिला, हाडं पांढरी, झगे काळे, तलवारींना गंज. साधं आणि भीतिदायक. पण पांढऱ्याची बाटली उघडली तर आत पिवळट. परत नेली. रंगवाल्याने दुसरी दिली, तीही पिवळट. तिसरी तशीच. मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की शिळा माल विकतोस, लाज वाटू दे. तो बिचारा एकदा बाटलीकडे बघे, एकदा मुंगीकडे. मुंगी छताकडे. घरी येऊन मी कारखान्यातली जुनी युक्ती केली. पिवळेपणा मारायला निळ्याचा थेंब. एक टाकला, फरक नाही. पाच टाकले. मुंगीने हळूच विचारलं, आजी, अजून? म्हटलं, तुला कळतं का मला? अकराव्या थेंबाला पांढरा असा उजळला की ऊर भरून आला. काळ्याची बाटली तर मीच हाताने उचलली. मग तेरा दिवस आम्ही दोघी खिडकीशी, मी झगे रंगवतेय, ती दातओठ.

स्पर्धेच्या हॉलमध्ये परीक्षक बाई भिंग घेऊन फिरत होत्या. आमच्या टेबलाशी थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, निळी हाडं आणि जांभळे झगे मी अजून कुठे बघितले नव्हते, कोणी निवडले? असा गाढव कोण ते बघायला मी शेजारच्या टेबलाकडे वळले. तेवढ्यात मुंगी बोलली, "मी. मेलेली माणसं थंड असतात ना, म्हणून."

वन्सं, मी परत आमच्या टेबलाकडे वळले. नव्वद भुतं समोर रांगेत उभी, सगळा हॉल त्यांना बघतोय, आणि ती कशी दिसतात हे त्या हॉलमध्ये एकट्या मला ठाऊक नव्हतं. (रंगात दुसरा नंबर आला. लढाईत शेवटून पहिला. राजा पहिल्याच फाशाला गेला, मुंडकं हातात घेऊन दुसरं काय होणार.)

परतीच्या वाटेवर मी तिला विचारलं, कधी कळलं तुला? म्हणाली, "दुकानात." मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तू मला मारलं असतंस. आणि मारून झाल्यावर रडली असतीस." मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. कपडे पिवळट निघतात म्हणून मी दोन वर्षं सूनबाईला बोलतेय, आणि ती बापडी दर धुण्याला नीळ वाढवतेय. तुमच्या भाच्याचे सगळे पांढरे शर्ट आकाशी झालेत. तो तसाच ऑफिसला जातो. घरात कोणाची छाती झाली नाही बोलायची! मी त्या खुर्चीला भीत होते, आणि अख्खं घर मला भीत होतं.

डॉक्टरकडे मुंगीनेच नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून तपकिरी झालेला. डॉक्टर म्हणाला, आजी, तुम्ही कडक चहातून जग बघताय. येत्या मंगळवारी उजवा डोळा कापणार. दुखत नाही म्हणतो. (त्याचा कुठे कापलाय?) जागेपणी करतात, वन्सं. सुई येताना बघायची म्हणे.

बाकी सगळं ठीक. तुमची काळजी घ्या.

तुमची भावजय

ता. क. डॉक्टरला विचारलं, हे कधीपासून असेल? म्हणाला, चार-पाच वर्षं सहज. चार वर्षांपूर्वी तुमच्या घरी मी अकरा माणसांसमोर म्हणाले होते की वन्सं उशांचे अभ्रे गटारात धुतात. या दोन गोष्टींचा संबंध लावायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी काही लावलेला नाही.

ता. क. दुसरा. मंगळवारी मुंगीची परीक्षा आहे. घरचे बाकीचे येतील, पण त्यांच्यासमोर मला घाबरता येत नाही. तुमच्यासमोर येईल. तुम्ही नुसतं येऊन बसायचं, हात धरायचा नाही. ते अभ्रे बरोबर आणा. पट्टी निघाली की पहिल्यांदा तेच बघणार आहे. पांढरे निघाले तर त्याच अकरा माणसांना बोलवा. पिवळे निघाले तर मात्र तोंडावर सांगेन.

ता. क. तिसरा. पत्र काळ्या शाईने लिहिलंय. जांभळं दिसत असेल तर एकट्याच हसा, आणि या.