गॅलरीतून पाडलेल्या बग्ग्या

प्रिय भावोजी यांस,

थोरल्या वहिनीचे आशीर्वाद. धाकट्या जाऊबाईंना त्याहून थोडे जास्त द्यावेत, कारण त्यांना तुमच्याबरोबर राहावं लागतं. तुमचा खोकला आता थांबला असेल. तुम्ही औषध वेळेवर घेता असं जाऊबाई फोनवर म्हणाल्या आणि मी ते खरं धरून चालले, कारण खोटं धरून माझा काही फायदा नव्हता. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे, घर ठीक आहे, आणि तुमचे दादा या क्षणी गॅलरीत हातात एक गाडी घेऊन खाली कोणी येतंय का ते बघत आहेत. कोणी येत नाही अशी खात्री पटली की ते ती गाडी खाली सोडणार आहेत. (घाबरू नका, गाडी बुटाच्या खोक्याएवढी आहे.) हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण मी फोन घेतला की दादा शेजारी येऊन बसतात आणि माझी वाक्यं दुरुस्त करतात. म्हणून पत्र लिहिते आहे.

मुळापासून सांगते, म्हणजे दोष कोणाचा हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. दादांनी सगळी नोकरी खुर्च्यांच्या कारखान्यात काढली हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिथे ते नक्की काय करायचे हे सांगायला त्यांना नेहमी संकोच वाटायचा. ते खुर्च्या मोडायचे. नवी खुर्ची आली की ती उंचावरून पाडायची, तिच्यावर वाळूची पोती ठेवायची, मागचे दोन पाय धरून ती कुरकुरेपर्यंत हलवायची. जी टिकेल ती दुकानात जायची. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरी बसवलं तर तो काय करेल? तो बसला. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा तो जेवणापर्यंत, आणि जेवणानंतर पुन्हा तिथेच. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं तर एक हूं यायचा, आणि काही दिवसांनी तोही यायचा बंद झाला. खरं सांगते, भावोजी, तेव्हा मला भीती वाटायची. मी उगाचच भांडी आपटायचे, निदान त्यांनी ओरडावं म्हणून. ते ओरडलेसुद्धा नाहीत.

मग एका रविवारी ते पाय मोकळे करायला पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर गेले आणि परत आले ते बोलतच. तिथे बग्ग्यांच्या शर्यती होतात. (घोड्याच्या नव्हेत. रिमोटवर चालणाऱ्या, मोठ्या चाकांच्या, खड्ड्यांतून आणि मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत जाणाऱ्या.) पळवणारे सगळे आपल्या वयाचे किंवा आपल्याला शोभेल अशा वयाचे आहेत. एक दातांचा डॉक्टर आहे, एक शिंपी आहे, आणि मोटार शिकवण्याचा क्लास चालवणारी एक बाई आहे, जिची बग्गी सगळ्यांत जास्त वेळा उलटते. दादांनी जेवताना हे सगळं सांगितलं. वाढलेलं गार झालं तरी बोलत होते आणि मी त्यांना थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, मला एक तरी शर्यत पूर्ण करायची आहे, पहिला नंबर वगैरे नको. मी मनात म्हटलं, एवढंच ना. इतकी भोळी मी लग्नातही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही बग्गी निवडायला गेलो. दुकानदार शांत माणूस आहे. म्हणजे तेव्हा होता. दादांनी सांगितलं की टिकाऊ हवी. त्याने मन लावून समजावलं: चाकं धरणारे हात धातूचे असले की ते वाकत नाहीत पण सगळा मार आतल्या यंत्राला पोचवतात, चांगल्या प्लास्टिकचे असले की लवतात आणि मार गिळतात, मोटर मातीपासून झाकलेली हवी, आणि मोडेल तो भाग बाजारात सुटा मिळायला हवा, कारण मोडणार तर आहेच. हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. दादांनी त्याला एकच प्रश्न विचारला, किती उंचीवरून? त्याला प्रश्न कळेपर्यंत दादांनी काउंटरवरची बग्गी खांद्यापर्यंत उचलली होती आणि सोडलीही होती. ती बग्गी आम्ही घेतली. म्हणजे तिचे तुकडे घेतले, पण दुकानदाराने ते नीट खोक्यात घालून दिले, हा त्याचा चांगुलपणा.

दुसरी बग्गी आम्ही घरी सुखरूप आणली आणि दादांनी ती गॅलरीतून सोडली. ती खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीत अलगद पडली. मला आनंद झाला. दादा मात्र नाराज झाले, कारण चादरीवर पडणं ही चाचणी होत नाही. ते खाली गेले, त्या बाईंची क्षमा मागितली, चादर काढून ठेवायची विनंती केली, वर आले आणि पुन्हा सोडली. तिसऱ्या बग्गीच्या वेळी मी गॅलरीला कुलूप लावलं. त्यावर त्यांनी कारखान्यातून वाळूचं पोतं मागवलं आणि बग्गीवर ठेवलं. मी विचारलं, अहो, तिच्यावर कोणी बसणार आहे का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पूर्वी असंच विचारणाऱ्या कोणाला तरी नंतर दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पोतं उचललं तेव्हा खाली पायपुसण्यासारखं काहीतरी होतं.

चौथीला मात्र त्यांनी पाडायच्या आधी मजबूत केलं. जुन्या खुर्च्यांच्या लोखंडी पट्ट्या आणल्या, तिच्या चारी बाजूंनी ठोकल्या, माझ्याकडून कुलपाची किल्ली मागून घेतली, आणि मग ती गॅलरीतून सोडली. या वेळी बग्गीला काही झालं नाही, अंगणातली फरशी फुटली. दादांचा चेहरा तेव्हा तुम्ही बघायला हवा होता. इतके खूश ते आमच्या लग्नात पण नव्हते, तुम्ही साक्षीला होतातच.

तर ही बग्गी घेऊन आम्ही शर्यतीला गेलो. आम्ही म्हणायचं कारण असं, की तिथला नियम आहे: पळवणाऱ्यांनी लाकडी मचाणावर उभं राहायचं, खाली उतरायचं नाही. बग्गी उलटली की रिमोटने सरळ होत नाही, म्हणून प्रत्येकाने आपला एक माणूस मैदानात उभा करायचा. त्याने धावत जायचं आणि उलटलेली गाडी सुलटी करायची. दादांचा माणूस मी. त्या दिवशी मला कामच नव्हतं, कारण ती गाडी उलटवायला क्रेन लागली असती. ती सावकाश निघाली आणि पहिल्या वळणावर इतकी सावकाश झाली, की डॉक्टरांची बग्गी मागून येऊन तिच्यावर आदळली आणि डॉक्टरांच्याच बग्गीचं नाक निघून पडलं. मग शिंप्याची आली. मग क्लासवाल्या बाईंची आली, आणि तिचं एक चाक सुटून एकटंच टाकीच्या दिशेने निघून गेलं. थोड्या वेळाने मैदानात चालती अशी एकच बग्गी उरली, ती दादांची. मला वाटलं, झालं, जिंकले. पण ते ओझं ओढून ओढून शेवटच्या फेरीत तिची बॅटरी संपली. ती थांबली तिथून शेवटची रेषा स्वच्छ दिसत होती. मी मचाणापाशी जाऊन हळूच विचारलं, उचलून पलीकडे ठेवू का? ते म्हणाले, नको, नियमात बसत नाही. आणि रिमोट हातात धरून तसेच उभे राहिले. मला फार वाईट वाटलं, भावोजी. डॉक्टर नाकाचा तुकडा हातात घेऊन तक्रार करायला आले होते, त्यांनी तो तुकडा खिशात घातला आणि परत गेले.

आता मंडळींनी लोखंडाला बंदी केली आहे, आणि दादांनी जाहीर केलं आहे की येता रविवार शेवटचा. पूर्ण झाली तर झाली, नाहीतर रिमोट कपाटात. त्यासाठी काल पाचवी बग्गी आणली. गॅलरीत आहे म्हटलं ना, तीच. (आत्ताच खालून आवाज आला. बाईंनी चादर काढून ठेवली होती असं दिसतं.)

तेव्हा माझी कळकळीची विनंती की तुम्ही शनिवारी इकडे या आणि धाकट्या भावाच्या अधिकाराने, असा काही अधिकार असल्यास, त्यांना हा नाद सोडायला सांगा. घरात आता शांतता हवी आहे. जाऊबाईंना सांभाळा, औषध घ्या.

तुमची,
वहिनी

ता. क. : वरचा शेवटचा परिच्छेद वाचू नका. तो लिहिताना दादा गॅलरीतून येऊन मागे उभे होते, आणि तुम्हाला खरं कशासाठी बोलावते आहे हे त्यांना कळायला नको होतं. त्यांना काहीही सोडायला सांगायचं नाही. तो रिमोट कपाटात गेला की ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि घरातली ती शांतता मी एकदा ऐकली आहे. मी एकटीच दुकानात जाऊन एक बग्गी आणली आहे, लवणाऱ्या हातांची, झाकलेल्या मोटरची. (मला बघून दुकानदाराने आधी काउंटरवरचं सगळं उचलून घेतलं.) ती ट्रंकेत गोधड्यांखाली आहे. रविवारी मी ती गुपचूप तुमच्याकडे देईन आणि तुम्ही ती तुमची भेट म्हणून ऐन शर्यतीच्या तोंडावर दादांना द्यायची. भावाने दिलेली वस्तू ते पाडत नाहीत. त्यात भावाचाच अपमान आहे असं त्यांचं मत आहे. आणि समजा मत बदललं, तरी वेळ उरणार नाही.

ता. क. दुसरा : एक सांगायचं राहिलं. ती चालते का बघायला दादा झोपले असताना एका दुपारी मी मैदानावर एक फेरी मारली. मग आणखी काही मारल्या. क्लासवाल्या बाई टाळ्या वाजवत होत्या. थोडक्यात, ट्रंकेत आता दोन बग्ग्या आहेत आणि रविवारच्या शर्यतीत माझंही नाव आहे. त्यामुळे मी मचाणावर असणार आणि दादांची बग्गी सुलटी करायला खाली कोणी नसणार. मुळात पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. धावता येतील असे बूट घालून या.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायच्या आधी घाईने लिहिते. आज सकाळी उठून बघते तर ट्रंक उघडी, आणि दोन्ही बग्ग्या टेबलावर धडधाकट. दादा शेजारी बसून त्यांची चाकं पुसत होते. म्हणाले, एक तुझी ना? मी हो म्हटलं. पाडल्या का, असंही विचारलं. नाही म्हणाले, रविवारी पळायचं आहे त्यांना. मग बराच वेळ चाक पुसून झाल्यावर म्हणाले, तो धाकटा येणार असेल तर त्याला सांगून ठेव, दोघांच्या एकदम उलटल्या तर आधी तुझी उचलायची.

एक शर्यत पूर्ण करायची म्हणून ज्याने अंगणातली फरशी फोडली, तो माणूस हे म्हणाला. मी चहा टाकायला उठून गेले, कारण डोळे पुसायला पदर जवळ असला तरी तिथे दादाही जवळ होते.

भावोजी, तुम्ही त्यांचं ऐकायचं नाही. आधी त्यांचीच उचलायची. माझी उलटत नाही.