न पाहिलेल्या मातीची भट्टी

१२ जानेवारी २०२५, रविवार

घराची दारं, चौकटीसकट. बायकोची चूल, मग ती मोडून दुसरी, कारण पहिली धूर डोळ्यात सोडायची. गोठ्याच्या कुडाच्या भिंती. विहिरीवरचा रहाट, आता बंद, पण मोडलेला नाही. थोरल्या बंधूंच्या उंचीला बेतलेली कुबडी. पानशेतच्या बंगलेवाल्यांना पिझ्झ्यासाठी मातीच्या भट्ट्या. त्यातल्या पहिल्या दोन पडल्या. त्याही लिहिल्या. केल्यात तर लिहायच्या.

यादी कोमलने मागितली. धाकटी लेक आमची. 'आप्पा, तुमी हातानं काय काय केलंय ते लिहून द्या, पेजवर टाकायचंय.' दिली. तिने पडलेल्या भट्ट्या काढल्या, कुबडी काढली आणि वर लिहिलं — मास्टर! म्हटलं, मास्टर शाळेत असतात. मला कोणी शिकवलं नाही. पाडून पाडून शिकलो.

'मग तसंच टाकते,' म्हणाली. टाकलं नाही.

१५ जानेवारी

कोमलने भट्टीची शिकवणी विकायला काढली. 'मातीची भट्टी, घरच्या घरी.' बारा व्हिडिओ, अठराशे रुपये, होळीपर्यंत सगळे मिळतील. त्यातला एकही अजून काढलेला नाही!

जेवताना बोललोच. नसलेली वस्तू विकायची ही कुठली रीत? कोमलने ताटातून मान वर केली नाही. 'भट्टीचा इसार घेता तवा भट्टी कुठं असती, आप्पा?'

सुलक्षणाला, तिच्या आईला, ठसका लागला हसून. हात धुताना मला उत्तर सुचलं — इसार घेण्याआधी मी जागा बघतो, माती हातात घेतो. पण तोवर पोरगी झोपली होती. पहाटे तिला कंपनीची गाडी.

२१ जानेवारी

बत्तीस जणांनी पैसे भरले. नागपूर, बीड, रत्नागिरी, कुठली कुठली माणसं. मला ना त्यांचं घर माहीत, ना अंगण.

कोमल खूश. 'होळीला पहिली बॅच नीट सुटली की दुसरी लावू. मग मी कंपनी सोडणार.' खेड शिवापूरला पॅकिंगला आहे, दोन वर्षं. पाळीभर उभ्याने काम. घरी आली की कोमट पाण्यात पाय बुडवून बसते. विचारलं की, 'काय न्हाई.' घोटे भाकरीसारखे फुगलेले असतात आणि म्हणे काय न्हाई.

आता मागे फिरता येत नाही.

२६ जानेवारी

कोमलला सुट्टी. पहिला व्हिडिओ — माती भिजवणे. मी सांगितलं, आता आठ दिवस हिला हात लावायचा नाही, मुरू द्यायची. कोमल म्हणाली, 'ते आठ दिवस कापू.' कापायचे कसे? माती काय कापल्याने मुरते?

शेजारचा कोंडिबा कुंपणावर हात टेकून उभा. 'काय भाऊसाहेब, आता मोबाईलला माती चारताय व्हय? दूध तरी देईल का?' त्याचा आवाज व्हिडिओत आला. पुन्हा काढला. पुन्हा कोंबडा ओरडला. पुन्हा.

एकच वाक्य पाच वेळा म्हटलं की ते आपलं राहत नाही. भट्टी बांधून इतका कधी दमलो नव्हतो.

२ फेब्रुवारी

तीन व्हिडिओ गेले. तिसऱ्यात प्रमाण सांगितलं, तीन घमेली मातीला दोन घमेली वाळू. आज बीडच्या राजनंदिनीताईंचा निरोप. 'दादा, तुमची माती तांबडी दिसते. आमची काळी आहे. चालेल का?'

नाही चालणार! काळी माती ओली असताना लोण्यासारखी, वाळली की चिरफाळ्या. त्यांची भट्टी पहिल्याच जाळाला फुटेल. आणि मी बत्तीस जणांना छातीठोकपणे एकच प्रमाण सांगून बसलोय — आमच्या पाली गावच्या मातीचं.

कोमलला म्हटलं, लिही. सगळ्यांनी आपापल्या अंगणातली ओंजळभर माती पाठवा. माती बघितल्याशिवाय चौथा व्हिडिओ नाही.

'आप्पा, हा कोर्स हाय, दवाखाना न्हाई!'

शेवटी तिने लिहिलं. बोटं मोबाईलवर आपटत.

१३ फेब्रुवारी

पोस्टमन सिद्धनाथ गाडीला पोतं बांधून आला. 'सगळ्या महाराष्ट्राचा सातबारा तुमच्या नावावर करताय का काय?'

उघडायला बसलो. रत्नागिरीची जांभी, खडबडीत. नागपूरची काळी. सांगलीच्या एकाने नर्सरीतली कुंडीची माती पाठवली, शेणखतासकट. मुंबईच्या एका बाईंनी मुलतानी माती — चेहऱ्याला लावायची! सुलक्षणाने ती ठेवून घेतली.

प्रत्येकीची वळी केली, बोटाला गुंडाळली, सावलीत ठेवली. चिठ्ठ्या लावल्या. ओसरी भरली, बसायला जागा नाही.

२२ फेब्रुवारी

काळ्या मातीची तिसरी चिमुकली भट्टीही तडकली. वाळू वाढवली की ढासळते, कमी केली की फुटते. पाठ धरलीय.

व्हिडिओ नाही. कोमल रोज विचारायची. आता विचारत नाही.

२८ फेब्रुवारी

माणसं बोलायला लागली. एकाने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं — आधी पैसे घ्यायचे आणि मग माती गोळा करत बसायचं, ही फसवणूक आहे. फसवणूक! हा शब्द माझ्या नावापुढे कोणी लावला नव्हता.

कोमलला म्हटलं, ज्यांना नको त्यांचे परत कर. आज, आत्ता. अकरा जणांचे केले. प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघत होती. मी ओसरीकडे बघत होतो.

झोपायला जाताना म्हणाली, 'पेज माझं, शब्द माझा गेला, आप्पा. तुमचा न्हाई.'

खरं आहे. मला वाटत होतं फक्त माझाच.

५ मार्च

काळी जमली! निम्मा मुरूम, भाताचा पेंढा बोटभर कापून, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या हाताने वरून दाबून घ्यायची. जाळ केला, सकाळी पाहिलं. एकही भेग नाही. राजनंदिनीताईंना फोन करून सगळं तोंडी सांगितलं. त्या लिहून घेत होत्या, मधेच म्हणाल्या, 'थांबा दादा, पेंढ्याऐवजी गव्हाचं काड चालंल का?' चालेल. मला सुचलं नव्हतं.

असे वीस जण अजून राहिलेत. वीस तऱ्हेची माती, वीस प्रमाणं. होळीपर्यंत होत नाही. कोमलला तसं सांगितलं.

'बरं,' म्हणाली.

९ मार्च

कोमलने रात्रपाळी घेतली. साहेबांनी विचारलं, ही हो म्हणाली. वरती थोडे जास्त मिळतात.

'दुसऱ्या बॅचचं?' मी विचारलं.

'बघू पुढच्या वर्षी. तुमी तुमची माती बघा.' टोचून नाही बोलली. टोचून बोलली असती तर बरं होतं.

सुलक्षणा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते.

१२ मार्च

दुपारी पुण्याचे एक स्वरूप म्हणून गृहस्थ येऊन गेले, व्हिडिओ विकणाऱ्या कंपनीचे. नाव-चेहरा माझा, बाकी सगळं त्यांचं. एक दिवसाचं काम. माती कुठलीही असो, प्रमाण एकच सांगायचं. 'फुटली तर लोक स्वतःलाच दोष देतात, काका.' चहा पाजला, नाही म्हटलं. कोमल रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपली होती. उठल्यावर म्हणाली, 'कुणाची गाडी होती?' म्हटलं, राजगडाला निघालेले, वाट विचारत होते.

चार लाख ऐंशी हजार देत होते.