किशनदादाला सातचा फोन

४ डिसेंबर

उत्तराचा पुण्याहून फोन. दादाची एकुलती लेक. "आत्या, बाबा चारठाण्यात एकटे. पडले-बिडले तर कळणार कुणाला? संक्रांतीला येते अन् घेऊनच जाते."

दादा पुण्यात? देवळापाशी घटकाभर बसल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही, तो? कुंडीतल्या बाभळीसारखा होईल!

म्हटलं, "रोज सकाळी त्याची खबर मिळाली तर गावातच ठेवशील त्याला?"

"रोज कोण घेणार? तू विसरशील."

विसरेनच. म्हणून यंत्राला सांगायचं. वीस वर्षं ताडकळसच्या स्टँडवर एसटीडी बूथ चालवला मी. फोनला कशाला भ्यायचं!

६ डिसेंबर

मोबाइलवर बघून शिकायलेय. शब्द लिहून ठेवते, नाहीतर डोक्यातून निसटतात.

एपीआय — आपोआप फोन लावून देणारी कंपनी असते, तिच्या यंत्राला काम सांगायची खिडकी. ठरल्या पद्धतीनंच मागायचं : हा नंबर, हे वाक्य, लाव फोन. बूथच्या खिडकीत लोक चिठ्ठी सरकवायचे, तसंच की!

टोकन — त्या खिडकीची आपली किल्ली. कुणाला दाखवायची नाही.

वेबहुक — हा लय आवडला. शेजारणीला सांगून ठेवायचं, तीन शिट्ट्या झाल्या की हाक मार. आपण सारखं जाऊन विचारायचं नाही. फोनचं काय झालं ते कंपनीच आपणहून कळवते.

११ डिसेंबर

चुकलं. पुन्हा चुकलं. सोडणार नाही.

१२ डिसेंबर

नंबरापुढं ९१ लावायचं राहिलं होतं! जन्मभर लोकांना कोड सांगणारी मी!

१८ डिसेंबर

सकाळी सात. पहिला फोन गेला. माझ्याच आवाजात भरलंय, "दादा, खुशाल असशील तर एक दाब." एक दाबलं नाही तर त्याच्या शेजारच्या आश्रुबाला मेसेज — जाऊन बघा.

सात-दोनला मेसेज गेला! मग आश्रुबाचा फोन — "बाई, म्हातारा चुलीपुढं शेकत बसलाय! वर मलाच इचारतो, सकाळी सकाळी कुत्रं लागलं का मागं?"

दादाला झापलं. तर म्हणतो, "सातला फोन येनार, तूच सांगितलंस. म्हून कट केला. कट केला म्हंजे खुशाल. आपलं कायमचं तेच न्हाई का?"

खरंच की! आमच्यात गावाला पोचलं की रिंग द्यायची, समोरच्यानं कट करायचं. संपलं. फोन उचलायचा तो अडीनडीलाच. अन् मी शहाणी यंत्राला सांगून बसले — उचलला तर खुशाल!

१९ डिसेंबर

दादाला वळण लावायचं वय गेलं. यंत्राला लावू. 'बिझी' आलं, म्हणजे कट केला — उत्तराला मेसेज, बाबा ठीक. 'नो आन्सर' आलं, म्हणजे वाजून वाजून थांबला — आश्रुबा, पळ!

५ जानेवारी

सतरा दिवस. सतरा वेळा कट! उत्तरा म्हणाली, "जिंकलीस आत्या. राहू देत बाबा."

९ जानेवारी

नो आन्सर.

गोठ्यात घसरला. आश्रुबानं उचलून जीपमध्ये घातलं. मी पोचेतो परभणीच्या दवाखान्यात. खुब्याचं हाड. डॉक्टर म्हणाले, या थंडीत दुपारपर्यंत तसेच पडून राहिले असते तर अवघड होतं.

उत्तरा निघालीय.

१३ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. मी मान खाली घालून उभी. पण उत्तरानं पुण्याचं नावही काढलं नाही! "तुझ्या फोननं वाचवलं, आत्या. गावातच सोबतीला बाई ठेवू."

आता संध्याकाळचाही एक फोन लावते. दादा बरा होईपर्यंत आश्रुबाच्या जोडीला अजून एक नंबर टाकते. बसून चालायचं नाही.

१४ जानेवारी

दादा स्वतःच बोलला. "बाय गं, गोठ्यात फोन वाजत व्हता अन् हात पुरंना. हाडाचं काय न्हाई. तिकडं तुझं काय व्हत असंल, तेच दिसत व्हतं." मग उत्तराकडं तोंड फिरवलं. "मला पुन्याला ने. रोज सातला हिचा जीव टांगून मला गावात ऱ्हायचं न्हाई."