जास्तीचा बाण

डहाणू,
९ डिसेंबर २०१८

चि. अदितीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुला आठवतंय का, तू पहिलीत होतीस आणि आपण दोघी मागच्या पायरीवर बसून ओले वाल सोलत होतो? तू मध्येच विचारलंस, शेंगेत दाणे कोण ठेवतं. मी वेळ मारून नेत म्हटलं, देव. तू एक पोकळ शेंग माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, मग हिच्यात तो विसरला वाटतं. त्या संध्याकाळी मी दादाला सांगितलं की ही एक तर वकील होईल, नाही तर मास्तरीण. त्याने, तुझ्या बाबाने, वकील धरून ठेवला होता. खरं झालं ते माझं.

आता डी.एल.एड.चं दुसरं वर्ष, आणि शिकवण्याच्या सरावासाठी तुला मिळालं तलासरी तालुक्यातलं वेवजी! नोव्हेंबरपासून तिकडे जमीन हलते आहे, त्यामुळे दादाचा जीव टांगणीला लागलाय. धक्क्याची बातमी आली की कामावर असला तरी तिकीटखिडकीवरून उठून मला फोन करतो आणि विचारतो, तिला परत बोलावू का. मी म्हणते, अरे, इथे माझ्याही मांडणीवरची भांडी वाजतात, मग मला कुठे पाठवतोस? तरी तू जपून राहा. ज्यांच्याकडे राहतेस त्या संगिता मॅडम पंधरा वर्षं त्या शाळेत आहेत, त्यांचं ऐक.

वरोरची शितल परवा मासळी घेऊन आली होती. गेल्या डिसेंबरात वादळाच्या पावसाने तिचे बोंबील वाळत घातलेल्या जागीच कुजले, म्हणून यंदा ती आधी आभाळ बघते आणि मग बोंबील टांगते. मला विचारत होती, बाई, तुम्ही एवढी वर्षं भूगोल शिकवलात, समुद्र तापतोय म्हणतात ते खरं का? खरं आहे म्हटलं, आणि त्या दिवशी भाव कमी करायला मलाच लाज वाटली.

फोनवर तू फक्त बरी आहे म्हणतेस. म्हणून सविस्तर पत्र लिही. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
हेमाआत्या

वेवजी,
२० जानेवारी २०१९

ती. हेमाआत्यास, शि. सा. नमस्कार.

उशिराबद्दल रागावू नकोस, आज आनंदाची बातमी आहे. परिसर अभ्यासाच्या पाठाला मला पंचवीसपैकी तेवीस गुण मिळाले!

वर्गखोलीच्या भिंतीला तडा गेल्यामुळे शाळा पटांगणात भरते. फळा आंब्याच्या बुंध्याला दोरीने बांधलाय. जमीन हलली की मुलं पैजा लावतात, हा कालच्यापेक्षा मोठा की लहान. मी फळा धरून ठेवते आणि ती खिदळतात. काळ्या नावाचा एक मुलगा तर प्रत्येक धक्क्यानंतर गंभीरपणे मला विचारतो की ताई, तुम्ही अजून इथेच का?

पाठाचा विषय होता तापमानवाढ. तुझ्या पत्रातले शितलचे बोंबील मी सरळ चोरले. फळ्यावर आधी धूर काढला. मग बाण, हवा तापते. मग बाण, समुद्र तापतो. मग बाण, पाऊस वेळ चुकवतो. त्याच्या खाली बोंबील, चिकू आणि भात. मुलं अगदी रंगली होती. तेवढ्यात चौथीतली रूपी उठली आणि म्हणाली, ताई, मग जमीन का हलते?

मागे खुर्चीत निरीक्षणाच्या मॅडम पेन उघडून बसलेल्या. मी खडू घेतला, शेवटी आणखी एक बाण काढला आणि त्याच्यापुढे लिहिलं, जमीन हलते. मुलांना एकदम पटलं. मॅडमनी शेरा दिला, प्रसंगावधान उत्तम.

रूपी फार हुशार आहे. तिची आजी सोमी रोज तिला शाळेपर्यंत सोडते आणि मला न चुकता सांगते की बाय, तू फार वाळकी, मास्तरणीने कसं भरलेलं दिसावं. बाबांना सांग, मी सुखात आहे.

तुझी लाडकी,
अदिती

डहाणू,
२८ जानेवारी २०१९

चि. अदितीस, अनेक आशीर्वाद.

तेवीस गुणांचे पेढे मी सगळ्या चाळीत वाटले. दादाने दोन खाल्ले आणि वर विचारलं, उरलेले दोन गुण कशात गेले.

आता तो शेवटचा बाण. पत्र मी तीनदा वाचलं, बाण काही गेला नाही. अगं, हवा तापण्याचा आणि जमीन हलण्याचा तसा संबंध नाही. जमिनीच्या पोटात खडक ताणले जातात, सरकतात. आपल्या चुलीच्या धुराचा हात तिथवर पोचत नाही. आपल्याकडेच का आणि आत्ताच का, हे शोधायला शास्त्रज्ञ यंत्रं लावून बसलेत. त्यांनीसुद्धा अजून बाण काढलेला नाही, तू काढून मोकळी झालीस!

मी हसते आहे, रागावलेली नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला भूगोलाला सिस्टर फिलोमिना होत्या. उत्तर येत नसलं की त्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात प्रश्न लिहून भोवती चौकट काढायच्या. ती चौकट पुसायची कुणाला परवानगी नसे. भरतीची वेळ रोज पुढे का सरकते, हा माझा प्रश्न अकरा दिवस तिथे होता. बाकीचा फळा रोज पुसला जायचा आणि माझा प्रश्न मात्र तिथेच. शाळेत इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही. अकराव्या दिवशी सिस्टर कुठून तरी पुस्तक घेऊन आल्या, घामाघूम, आणि सगळ्यांआधी मला हाक मारली.

पुढच्या पाठात तो बाण पूस. मुलं विसरली असतील असं धरून चालू नकोस. फोनवर तुझा खोकला ऐकू आला, त्याचं औषध पाठवते आहे, घेत जा. आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.

तुझी,
हेमाआत्या

वेवजी,
१७ फेब्रुवारी २०१९

ती. हेमाआत्यास, शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं होतं की पुढच्या पाठात बाण हळूच पुसायचा, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. पण तोवर तो बाण घरी गेला होता.

इथे भाताची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, फांद्या आणि पालापाचोळा थरावर थर रचतात आणि उन्हाळ्यात भाजतात. त्याला राब म्हणतात. त्याने तण मरतं, माती मऊ होते, मग पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरतात. सोमीआजीने राबासाठी फांद्या तोडून ढीग लावला होता. एक तारखेच्या मोठ्या धक्क्यात तिच्या चुलीमागची भिंत फाटली. तेव्हा रूपीने तिला सांगितलं की धुराने जमीन हलते, ताईंनी फळ्यावर दाखवलंय. आजीने यंदा राब बंद केला. सगळ्या फांद्या शेजारच्या शुक्राला कुंपणासाठी देऊन टाकल्या. तिचं बघून आणखी चार घरांनी बंद केला. राब नाही तर रोप धड नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा भात नाही.

हे मला रूपीनेच सांगितलं, केवढ्या अभिमानाने! ताई, आता थांबेल ना जमीन, असं विचारलं तिने. मी जाऊन मधल्या सुट्टीची घंटा वाजवली.

संगिता मॅडम म्हणतात, भूक लागली की लोक आपोआप भाजतील, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण फांद्या आत्ता तोडल्या नाहीत तर त्या भाजण्याआधी वाळणार कधी? आत्या, माझा पिंडच मास्तरणीचा नाही. आयत्या वेळी मला माहीत नाही एवढंसुद्धा म्हणता आलं नाही मला. बाबा बोलावताहेत तर येऊनच टाकू का? धक्क्यांचं निमित्त आहे, कुणी काही विचारणार नाही.

तुझी,
अदिती

डहाणू,
२१ फेब्रुवारी २०१९

चि. अदितीस, आशीर्वाद.

निमित्त इतकं चांगलं आहे म्हणूनच येऊ नकोस. दादाला मी सांभाळते.

सोमीकडे तू स्वतः जा. संगिता मॅडमना पुढे करू नकोस आणि मुलीच्या हाती निरोप धाडू नकोस. दिवसाउजेडी जा, चार जण असतील तेव्हा. खाली बस. ती देईल ते खा. आणि पहिलं वाक्य हेच बोल, की मी चूक सांगितलं. हवापाणी, तब्येत, माझी आत्या असं म्हणते, ही सगळी पाल्हाळं नंतर. मी तुला ओळखते, तू आधी अर्धा तास प्रस्तावना करशील.

आणि निरीक्षणाच्या मॅडमनाही सांग. गुण गेले तर जाऊ देत.

हे पत्र पोस्टाने उशिरा पोचेल म्हणून तलासरीच्या एस.टी.ने तिकडे जाणाऱ्या ओळखीच्यांकडे देते आहे. लवकर कळव, मला अन्न गोड लागत नाही.

तुझी,
हेमाआत्या

वेवजी,
१० मार्च २०१९

ती. हेमाआत्यास, शि. सा. नमस्कार.

गेले. खाली बसले. नागलीची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी पुढे आली, पण मी घास घ्यायच्या आधीच बोलून टाकलं. मी म्हटलं, आजी, मी चूक सांगितलं. राबाने जमीन हलत नाही. ती का हलते ते मला माहीत नाही, तेव्हाही नव्हतं.

सोमीआजी अशी हसली की तिला खोकला लागला. म्हणाली, बाय, तू तर आमच्या भगताच्या वरताण झालीस! तो निदान चार दाणे तांदळाचे मांडून बघतो, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटतो, तेव्हा कुठे उत्तर देतो. तू तर खडू उचललास की उत्तर! शुक्रा म्हणाला, माझं कुंपण झकास झालंय, आता मी एक फांदी परत देणार नाही. त्याला सगळ्यांनी धारेवर धरलं. मला कुणी काहीच बोललं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

फक्त रूपी रागावली. आजीला आपण खोटं सांगितलं असं तिला वाटलं. दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसली. मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात चौकट काढली आणि लिहिलं, जमीन का हलते? खाली लिहिलं, प्रश्न रूपीचा. ते वाचून ती नीट वळून बसली. आता ती चौकट पुसली जाऊ नये म्हणून फळ्यापाशी तीच पहारा देते.

शुक्राने शेवटी अर्ध्या फांद्या दिल्या. उरलेल्यांसाठी गेला आठवडाभर शाळा सुटल्यावर मी पाचही घरांच्या बायकांबरोबर जात होते. डोक्यावरचा भारा माझ्याकडून तीनदा पडला. बायका माझं नाव घेऊन गाणं रचून म्हणतात, त्याचे शब्द तुला कळवण्यासारखे नाहीत. काल पाचवा राब रचून झाला.

निरीक्षणाच्या मॅडम आधी चिडल्या, मग म्हणाल्या की तो शेरा लिहिताना बाण चुकल्याचं त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. पाठ पुन्हा घ्यायला लावला. काळ्याने विचारलं, मग राबाचा धूर कुठे जातो? हवेतच जातो असं मी सांगितलं, पण कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुरापुढे तो किती, हे मोजून सांगता येईना. तोही प्रश्न चौकटीत गेला. एकोणीस गुण मिळाले.

परत येत नाही असं मी बाबांना कळवलंय.

तुझी,
अदिती

वेवजी,
५ मे २०१९

ती. हेमाआत्यास, शि. सा. नमस्कार.

सराव संपला, निकाल लागला की जागांसाठी अर्ज करायचा आहे. पहिली पसंती तलासरी तालुका लिहिणार आहे. बाबांना हे तू सांग, जेवणानंतर, त्यांनी पान खाल्ल्यावर.

काल सकाळी सोमीआजीचा राब भाजला. वारा कुठला आहे ते बघून ती विस्तव घेऊन कडेला उभी राहिली आणि तिने मला हाक मारली. म्हणाली, तुझ्या तोंडाने विझला होता, आता तुझ्या हाताने लाव. मी विस्तव घेतला तशी ती ओरडली, वाऱ्याच्या तोंडाने लाव गं, मागून लावशील तर आग वरवर पळेल आणि पाला कच्चाच राहील! मी लावला. रूपी बाजूला उभी राहून धूर कुठे जातो ते बघत होती आणि वहीत लिहीत होती. थोड्या वेळाने जमीन जराशी हलली. कुणी राबाकडे बघितलं नाही. सोमीआजी माझ्याकडे बघून म्हणाली, चौकटीत आहे ना अजून? मी म्हटलं, आहे.

उद्या संगिता मॅडम डहाणूला येताहेत, त्यांच्याबरोबर पिशवी पाठवते. करवंदं सोमीआजीने तुझ्यासाठी तोडली आहेत, लोणचं घाल आणि एक बरणी तिच्यासाठी वेगळी ठेव. कैऱ्या शितलला दे, तिच्या बोंबलांवर मी पाठ घेतला हेही सांग. वाळलेल्या मोहाच्या फुलांची पुडी बाबांसाठी आहे, भाजून खायची आहेत, दुसरं काही करायचं नाही. तुझ्या कपाटातला जुना ॲटलास रूपीसाठी मॅडमकडे दे, तुझं नाव खोडू नकोस. पाठाच्या दोन वह्या आहेत. तेवीसवाली तुझ्याकडे ठेव, ती बाण काढलेल्या पानासकट. एकोणीसवाली बाबांना दे.

तुझी,
अदिती