सिनेमात तिसऱ्यांदा उघडतं

तीर्थरूप बाबा,

उद्या गणपती बसायचे आहेत आणि तुमचा आवाज अजून मला मिळालेला नाही. आईला हे सांगायचा धीर होत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसलेय. खाली ती मोदकांसाठी नारळ खवतेय आणि मधूनमधून जिन्याखाली येऊन विचारतेय, "उघडलं का गं?" मी "बघतेय" म्हणते. सकाळपासून दुसरं काही बोललेले नाही.

तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिलाच गणपती. यंदा राहू दे, असं सुहास ब्रिस्टलहून फोनवर म्हणत होता, पण आईने ऐकलं नाही. आपल्या बर्मिंगहॅमच्या घरात गणपती आला नाही असं कधी झालेलं नाही, म्हणाली. मग पूजा कोण सांगणार? त्यावर तिचं उत्तर तयारच होतं. "हेच सांगतील की. लॅपटॉपवर आहेत ना!"

आहात खरे. गेल्या वर्षी तब्येत बिघडल्यावर तुम्ही हेडसेट लावून अख्खी पूजा रेकॉर्ड करून ठेवलीत. इथे वेळेवर गुरुजी मिळायची मारामार, म्हणून इतकी वर्षं पोथी हातात धरून तुम्हीच तर सांगायचात. त्या दिवशी मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं होतं. "आता उजव्या हातात पाणी घ्या. ताम्हनात सोडा, कार्पेटवर नको." मग तुम्ही गप्प बसायचात, पाणी सोडायला वेळ मिळावा म्हणून. पेशंटला भूल देतानाही असेच थांबत असणार, असं माझ्या मनात आलं होतं.

आणि एवढं करून ते ठेवलंत कुठे, तर त्या कुलूपबंद फोल्डरमध्ये! कशासाठी, बाबा? आपल्या गणपतीची पूजा कोण चोरणार होतं?

मला माहीत आहे कशासाठी ते. टीव्हीवर हॉस्पिटलची मालिका लागली की तुम्ही सोफ्यावरून ओरडायचात. मॉनिटरवरची हृदयाची रेषा सरळ झाल्यावर शॉक देतात होय? भुलीतून माणूस असा ताडकन उठून बसतो होय? जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेलं, त्यामुळे एकही चूक सुटायची नाही. पण त्याच टीव्हीवर कुणी टोपीवाला पोरगा कळफलक बडवायला लागला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धो धो वाहायला लागली, की तुम्ही एकदम गप्प. तो कधी माउसला हात लावत नाही, कधी चुकत नाही, आणि चहा संपायच्या आत बँकेत शिरतो. त्यावर तुमचा पूर्ण विश्वास!

मी किती वेळा सांगितलं, बाबा, तुमच्या क्षेत्रात जेवढ्या थापा मारतात तेवढ्याच माझ्याही मारतात. मी कंपन्यांच्या नेटवर्कची राखण करते, माझा दिवस कंटाळवाण्या नोंदी वाचण्यात आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देण्यात जातो. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "तुमच्यात तसं होतही असेल."

मग तो सिनेमा आला, ज्यात कुणीतरी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून पेशंटचा रक्तगट बदलतं. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात तुमचा फोन. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तुम्ही सर्जिकल टेप चिकटवली होती. ती अजून तशीच आहे, काढवत नाही. तुमची धास्ती जावी म्हणून मी तुम्हाला तो फोल्डर करून दिला आणि सांगितलं, "आता पासवर्डशिवाय हा कुणालाही उघडता येणार नाही. अगदी मलासुद्धा नाही." किती खूश झालात तेव्हा. आणि ते अक्षरशः खरं होतं.

लॅपटॉप उघडायला मला वेळ लागला नाही. फोल्डर उघडत नाही. एका जुन्या मशीनवर मी शब्दांमागून शब्द घालून बघणारा प्रोग्रॅम लावून ठेवलाय. त्याचा पंखा घरघर करत असतो आणि मी दर थोड्या वेळाने जाऊन बघते. पडद्यावर सिनेमातल्यासारखी ना कवटी येते, ना उलटी मोजणी. नुसतं 'पासवर्ड चुकीचा आहे'. तुमचा पासवर्ड तुम्हाला आवडायचा तसा लांबलचक असेल, तर हे मशीन माझ्या आयुष्यातही तो शोधू शकणार नाही. आईला हे कसं सांगू? ती तुम्हाला एकदा गमावून बसली आहे. मी "उघडत नाही" म्हटलं की तुम्ही तिच्यासाठी पुन्हा जाल, याचीच मला भीती वाटते. आणि मी नीट प्रयत्नच करत नाही असं तिला वाटलं तर? काल म्हणालीच, "टीव्हीवर पिझ्झा खात खात उघडतात गं. तुला घरचा लॅपटॉप उघडेना?"

इथवर लिहून थांबले होते, कारण आई वर आली.

सुहासने तिला फोनवर सांगितलं होतं म्हणे, "आई, जस्ट थिंक लाइक बाबा. सिनेमात तिसऱ्यांदा उघडतंच." ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली, हाताला नारळाचा वास. जरा लाजतच म्हणाली, "माझं नाव घाल."

घातलं. चुकीचं. "माहेरचं घाल." चुकीचं. मग तुम्ही तिला लाडाने जे म्हणायचात ते तिने माझ्या कानात सांगितलं, बाबा. मी ते घातलं, आणि तेही चुकीचं निघालं. त्यानंतर आम्ही माझं, सुहासचं, मिरजेच्या घराचं, सगळं घालून पाहिलं. दर वेळी तिचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. शेवटी चष्मा काढून ती कार्डिगनला पुसत बसली.

"इतक्या वर्षांत ह्यांना माझं नाव घालावंसं वाटलं नाही?" ती म्हणाली.

मी आठवडाभर भीत होते ते आवाज हरवण्याला, आणि इथे तर भलतंच काही हरवत होतं! तेव्हा मला फोल्डर करून दिला त्या दिवशीचं तुमचं बोलणं आठवलं आणि मी ते तिला जसंच्या तसं सांगितलं. "सिनेमातला व्हिलन आधी बायकोचं नाव टाकून बघतो. मी इतका मूर्ख नाही. घरातलं एकही नाव वापरणार नाही. तुझ्या आईचं तर नाहीच नाही, ते कुणीही ओळखेल."

आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कुणीही ओळखेल म्हणाले?"

"हो."

ती हसली, आणि लगेच रडलीही. मग मी तिला सगळं खरं सांगून टाकलं, की हे उघडणार नाही, उद्याही नाही आणि बहुधा कधीच नाही. तिने विचारलं, "म्हणजे टीव्हीवरच्या त्या पोरांपैकीसुद्धा कुणी आत शिरू शकणार नाही ना?" मी म्हटलं, कुणीच नाही. "मग बंद कर तो पंखा," ती उठत म्हणाली. "ह्यांना तेच हवं होतं."

पंखा बंद केल्यावर घर फार शांत झालं. आणि मग खालून, नारळ खवता खवता, आईचा आवाज यायला लागला. मला वाटलं आरती म्हणतेय. नीट ऐकलं तर ती म्हणत होती, "आता उजव्या हातात पाणी घ्या," आणि थांबली. तुम्ही थांबायचात तेवढीच. मग, "ताम्हनात सोडा, कार्पेटवर नको." इतकी वर्षं निरांजनं सावरत ती तुमच्या मागे बसायची, तिला सगळं पाठ आहे, बाबा! आपल्यापैकी कुणाच्याच हे कसं लक्षात आलं नाही?

तर उद्याची पूजा आई सांगेल. सुहास सकाळी पोचेल आणि कापूर पेटला की नेहमीसारखा टॉवेल घेऊन स्मोक अलार्मखाली उभा राहील. तुमचा हेडसेट मी तिच्यासमोर ठेवीन आणि सगळं रेकॉर्ड करीन. तुमच्या फोल्डरला आता मी हात लावणार नाही, हा शब्द देते. पण आईच्या आवाजाला मी कुलूप घालणार नाही. तो ज्याला हवा त्याला ऐकता येईल.

तुमची लेक,
वैजू