हिराची मांड

३ एप्रिल १९६८
बंगलोरहून निघालो, आज कामशेतला उतरलो. शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यातनं पंधरा दिवस रजा. सगळ्या वाटेत डोक्यात एकच — कोंडाजी.
आठ वर्षं झाली. केरबादादाचं लग्न, कोंडाजीची घोडी भाड्यानं आणलेली. चावडीपाशी त्यानं लगाम धरला. "हितनं पुढं चालत. तुमच्या वस्तीचा रिवाज ठाव न्हाई व्हय?" दादा उतरला. आमच्या वस्तीतला हरेक नवरदेव तितंच उतरतो. मी त्याच महिन्यात गाव सोडलं.

५ एप्रिल
कोंडाजी आमच्या दारात आला! घोडी लंगडती, लग्नसराई तोंडावर. खुरात खिळा गेलाय, आत पू.
"बरी कर बाबा, मागशील ते देतो."
म्हटलं, पैसा नको. चौदा तारखेला, जयंतीला माझी पुतणी हिरा घोडीवर बसून चावडीवरनं पार वरच्या आळीपर्यंत जाईल. तू पारावर बसून बघायचं. तोंड उघडायचं न्हाई.
त्यानं वाकून घोडीचा पाय परत बघितला. मग व्हय म्हणाला.

६ एप्रिल
खूर कोरला. पू काढला. मिठाच्या पाण्यानं शेकतोय. घोडी गरीब हाय, तिच्यावर राग न्हाई.

९ एप्रिल
हिराला अंगणात भाताच्या पोत्यावर बसवली. गुडघे आत, टाचा खाली, पाठ ताठ. सुंभाचा लगाम.
"काका, हे घोडं चालंना."
"आधी बसायला शीक, भवाने."
सरूवहिनी भाकरी थापता थापता बोलली, "भावजी, पोरीला घोडं शिकवताय का कोंडाजीला धडा?"
म्हटलं, दोन्ही.

११ एप्रिल
दादा म्हणतो, "मी इसरलो, तू कशाला उकरतोस?" इसरला म्हणे! मी जेवलो न्हाई.

१३ एप्रिल
खूर बरा. उद्या कोंडाजीचं तोंड बघायचं. बास.

१४ एप्रिल
हिरा बसली. पाठ अशी ताठ की तबेल्यातल्या जॉकीनं बघावी. मागं सगळी वस्ती. कोंडाजी पारावर, गप. ठरल्याप्रमाणं.
चावडी आली आन् घोडी थांबली. मी लगाम ओढला न्हाई, हिरानंबी न्हाई. टाचा मारल्या, चुचकारलं, गूळ दाखवला. हलंना. कान पाडून उभी — वरचं माणूस कधी उतरतंय याची वाट बघत. आमच्या वस्तीच्या वाटेनं आलं की हितं थांबायचं, एवढं तिला पाठ.
हिरा म्हणाली, "काका, दमली वाटतं ही. उतरू का?"
उतरू नको म्हटलं. ऊन चढेस्तोवर तितंच उभे होतो.

१५ एप्रिल
कोंडाजीला सांगितलं, खूर अजून कच्चा हाय, घोडी महिनाभर माझ्याकडं राहील. खोटं बोललो. रोज सकाळी चावडीवरनं न्यायची. हिराला बसता येतंय. शिकायचंय ते घोडीला.
तबेल्याला तार केली. येत न्हाई.