पोटावरचा हात

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. आता माझी बातमी ऐक आणि पोटभर हस. जन्मभर तुझ्या मास्तरकीची टिंगल करणारा तुझा भाऊ स्वतःच मास्तर झाला आहे. मेडिकल कॉलेजवाल्यांनी विचारलं, विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोनदा तुमच्या दवाखान्यात शिकवाल का? पगार नाही, मानधन नाही. मी आपला हो म्हणून बसलो.

माझ्या वाट्याला एक मुलगी आली आहे. मी तिला चिमणी म्हणतो, कारण आधी ओठ हलतात, आवाज मागाहून येतो. पेशंटच्या पोटावर हात ठेवते तो इस्त्री तापली का बघावं तसा. लावला की काढला! परवा शिंपीकाका पोट धरून आले. ती त्यांना एकेक विचारत होती, तेवढ्यात मीच निदान सांगून मोकळा झालो. पोरीचं तोंड एवढंसं झालं. हे काम मला जमेलसं वाटत नाही. बाकी ठीक, कंबर तेवढी दुखते.

तुझा,
बापू

११ फेब्रुवारी

चि. बापूस,
अ. उ. आ.

इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. अरे, तू लहानपणापासून असाच. मी भावंडांना कोडं घालायचे आणि ते संपायच्या आत तुझं उत्तर तयार. बाकीच्यांना तोंड उघडायची सोय नसे.

पहिलीच्या वर्गावर केस पांढरे केले, तेव्हा एवढं सांगते. मूल अडलं की आपली जीभ वळवळते. तिला आवर. खिडकीबाहेर बघ, वाटल्यास नखं खा, पण गप्प बस. आणि लोकांना दुखेल म्हणून ती पोर भीत असेल, तर तुझं पोट दे की तिला! त्या खपाटीला गेलेल्या पोटाचा नाहीतरी दुसरा उपयोग काय? कंबरेसाठी ती मोडकी खुर्ची आधी बदल.

माया आहेच, ती मागायला लागत नाही.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाच, मग घाबर.

काल दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. तुझा सल्ला मानून मी टेबलावर आडवा झालो आणि चिमणीला म्हटलं, दाब, दुखलं तर ओरडेन. बेंबीच्या वर तिचा हात थांबला. माझी जीभ वळवळली, पण तुझी आठवण झाली आणि छताकडे बघत पडलो. तिनं दोन्ही हात ठेवून पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, सर, इथे ठोका लागतोय. मी म्हटलं, माझ्यासारख्या काटकुळ्याला लागायचाच. उठायला लागलो, तर तिनं खांद्याला धरून मला परत निजवलं. म्हणाली, ठोका नुसता वर येत नाही, माझी बोटं दोन्हीकडे ढकलतोय. मी हसण्यावारी नेलं. तेव्हा तिनं विचारलं, पेशंटचं पोट असतं तर तुम्ही त्याला घरी पाठवलं असतं का?

ताई, मी नसतं पाठवलं. लगेच सोनोग्राफी केली. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आहे. कंबर दुखते ती त्यामुळेच. खुर्चीला उगाच शिव्या दिल्या. फुगा फुटला असता, तर मी इस्पितळाच्या दारापर्यंतही पोचलो नसतो, असं सर्जन म्हणाला. शुक्रवारी ऑपरेशन आहे, मोठं आहे. इथे सगळ्यांना मीच धीर देतोय. तुला मात्र खरं लिहितो, मला भीती वाटते.

बापू

४ मार्च

चि. बापूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि पिशवी भरायला घेतली. आधी हे पत्र पोचतं की मी, देव जाणे. भिऊ नकोस असं म्हणत नाही. भी, पण मी येईपर्यंत थांब, दोघं मिळून भिऊ. आणि त्या पोरीला मला डोळे भरून बघायचं आहे.

ताई

२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि वॉर्ड ओस पडला. तुझा धाक गेल्यामुळे मी काल अर्धं जेवण टाकलं, हे नर्सनं तुला कळवण्याआधी मीच कळवतो. टाके सुकले आहेत, दोन दिवसांत घरी सोडतील.

आज सकाळी प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले. चिमणीही होती. त्यांनी नेमकं तिलाच या पेशंटची माहिती सांगायला लावलं. तिनं सगळं सांगितलं, कुठे अडखळली नाही. आजार कळला कसा, असं विचारल्यावर मात्र मान खाली घालून म्हणाली, योगायोगानं. मला राहवलं नाही. पडल्यापडल्याच म्हटलं, योगायोग नव्हे, हिनं तपासलं म्हणून कळला, आणि मी ऐकत नव्हतो तरी हिनं सोडलं नाही म्हणून मी वाचलो.

सगळे पुढच्या खाटेकडे गेल्यावर ती परत आली. विचारत होती, काहीच निघालं नसतं तर तुम्ही रागावला असता का? मी म्हटलं, तरीही आभारच मानले असते. आणि मग लक्षात आलं, की मी ते अजून मानलेलेच नाहीत. जन्मभर पेशंट माझे आभार मानत आले आणि मी असू दे, असू दे म्हणत हात झटकत आलो. आज माझ्यावर वेळ आली. कसंबसं म्हटलं, पोरी, तुझे उपकार आहेत.

तिनं माझ्यासारखं झटकून टाकलं नाही, ताई. खाटेशी नीट उभी राहिली आणि ऐकून घेतलं. हे काही मी तिला शिकवलेलं नाही.

लोभ आहेच, सोबत रागावणंही चालू ठेव.

तुझा,
बापू